देव, आत्मे आणि सिंहासन : ग्लोरान्थातल्या जादूच्या वादाचा आढावा

प्रश्नाची मांडणी

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र अंगावर घेऊन, फासे टाकत खेळायच्या कल्पितजगाच्या खेळांत जादू हे बहुतेकदा एक हत्यार असते. १९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने पायंडा पाडला तो असा : मांत्रिक मंत्र पाठ करतो, पुरोहिताला मंत्र देवाकडून मिळतात, आणि देवही शेवटी आकड्यांत बसतो. १९७६ च्या एका पुरवणीत तर देवांनाही 'हिट पॉइंट्स', म्हणजे जीवबळाचे गुण, देण्यात आले. म्हणजे पुरेसे बळ असले तर देवाला ठार मारता येईल, अशी सोयच झाली. ग्रेग स्टॅफर्ड यांनी घडवलेले 'ग्लोरान्था' हे जग या पायंड्याला बगल देऊन उभे राहिले. तिथे शेतकरी, गुराखी, शिपाई, बाजारातली बाई अशा प्रत्येकाच्या पदरी थोडी तरी जादू असते आणि ती त्याच्या उपासनेतून, कुळातून किंवा समाजातल्या स्थानातून आलेली असते. म्हणूनच या जगाबद्दल गेली जवळपास पन्नास वर्षे एक वाद चालू आहे. ही जादू मुळात कुणाची? देवाची कृपा, आत्म्यांशी केलेला व्यवहार, की माणसाने कमावलेली विद्या? त्याला लागून दुसरा प्रश्न येतो : या जगातले जे राजे स्वतःला देव म्हणवतात ते खरोखर देव आहेत का?

हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे हाताळले जातात. पहिल्याची चर्चा नियमपुस्तकांच्या अंगाने होते, दुसऱ्याची या जगाच्या इतिहासाच्या अंगाने. या लेखात दोन्हींचा एकत्र आढावा घेतला आहे, कारण माझ्या मते ते एकच आहेत. मंत्रांच्या याद्या कितीही चाळल्या तरी जो उलगडा होत नाही, तो देव-राजांकडे पाहिल्यावर बऱ्याच अंशी होतो.

पार्श्वभूमी

स्टॅफर्ड यांनी ग्लोरान्थाच्या पहिल्या कथा १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या बेलॉइट कॉलेजात शिकत असताना लिहिल्या. त्या वेळी असे खेळ अस्तित्वातच नव्हते. दंतकथा, महाकाव्ये, जोसेफ कॅम्बेल यांचे मिथकांवरचे लेखन आणि शामानी परंपरा यांचे वाचन हे त्या कथांचे खत होते. १९७५ मध्ये त्यांनी 'केऑसियम' ही प्रकाशनसंस्था काढली आणि 'व्हाइट बेअर अँड रेड मून' हा युद्धपट छापला. पात्रे घेऊन खेळायचा खेळ मात्र १९७८ मध्ये आला. स्टीव्ह पेरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या या 'रूनक्वेस्ट'मध्ये लढवय्या, मांत्रिक, पुरोहित असे ठरीव वर्ग नव्हते. पुढच्याच वर्षी 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' हे पुस्तक निघाले. त्यात पंधरा संप्रदायांची माहिती होती : देवाची कथा, उपासकांचे समाजातले स्थान, दीक्षेच्या अटी, मिळणारी जादू, मित्रपंथ आणि शत्रुपंथ. खेळाच्या पुस्तकात धर्माचे इतके बारकाईने वर्णन त्याआधी क्वचितच आले असेल. इथून पुढे ग्लोरान्थातल्या जादूची चर्चा म्हणजे ओघानेच ग्लोरान्थातल्या धर्मांची चर्चा झाली.

त्यानंतर नियम वारंवार बदलले. १९८४ च्या तिसऱ्या आवृत्तीत मंत्रविद्या, म्हणजे 'सॉर्सरी', सविस्तर आली. २००० मध्ये रॉबिन लॉज यांनी लिहिलेल्या 'हीरो वॉर्स'ने सगळा सांगाडाच नवा केला. २०१४ मध्ये दोन जाडजूड खंडांचे 'गाइड टू ग्लोरान्था' निघाले. २०१८ मध्ये 'रूनक्वेस्ट' पुन्हा ग्लोरान्थाशी घट्ट बांधून नव्याने आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टॅफर्ड यांचे निधन झाले. या प्रवासात त्यांनी स्वतःचेच जुने लेखन अनेकदा फिरवले. इतके, की आधी ठरलेली गोष्ट नव्या पुस्तकात उलटली की 'ग्रेग्ड' झाली, असे म्हणायची खेळाडूंत रीतच पडली. दुसरीकडे 'तुमचे ग्लोरान्था वेगळे असणारच' हे या खेळाचे घोषवाक्य होऊन बसले. वाद मिटत नाही त्याचे एक कारण इथे आहे. पण ते एकमेव कारण नव्हे.

जादूच्या तीन वाटा

प्रत्यक्ष खेळात जादूच्या तीन वाटा दिसतात. पहिली आत्म्यांची. सर्वसामान्य माणूस आत्म्यांकडून छोटे मंत्र मिळवतो. 'ब्लेडशार्प' या मंत्राचे दोन गुण तलवारीवर खर्च केले तर वार लागण्याची शक्यता दहा टक्क्यांनी वाढते आणि घाव दोनने खोल जातो. या वाटेचा जाणकार म्हणजे शामान. त्याच्या आत्म्याला 'फेच' नावाचा जोडीदार असतो, आणि त्याच्या आधाराने तो आत्मलोकात जाऊन तिथल्या शक्तींशी झुंजतो, त्यांना बांधतो, त्यांच्याशी सौदा करतो. दुसरी वाट देवांची. दीक्षा घेताना उपासक आपल्या 'पॉवर'चा, म्हणजे स्वतःच्या आत्मबळाचा, काही अंश देवाला कायमचा अर्पण करतो आणि त्या बदल्यात त्याला रून-जादू, म्हणजे सृष्टीच्या मूळ शक्तींच्या चिन्हांची (रूनांची) जादू, मिळते. वादळदेव ऑर्लान्थचा दीक्षित वारे बोलावतो, मृत्युदेव हुमाक्टचा दीक्षित तलवारीला खरी धार देतो. तिसरी वाट पश्चिमेकडच्या माल्कियोनी लोकांची. ते देवांना पूजत नाहीत. सृष्टीचे नियम बुद्धीने जाणून घेऊन त्यांवर हुकूम चालवायचा, हा त्यांचा मार्ग.

रून-जादूचा एक तपशील नीट पाहण्यासारखा आहे. संकटात सापडलेला दीक्षित देवाचा धावा करू शकतो. त्यासाठी शंभराच्या फाशांवर आपल्या 'पॉवर'इतका किंवा त्याहून कमी आकडा पडावा लागतो. समजा त्याची 'पॉवर' १३ आहे आणि फाशांवर ९ पडले. देव धावून येतो, पण ते ९ गुण कायमचे जातात आणि भक्ताकडे ४ उरतात. नेमके १३ पडले तर काम होते, पण भक्ताचा आत्मा देवाकडे जातो. या जगात देव फुकट येत नाही. तो भक्ताच्याच आत्मबळाच्या वाटेने येतो. या नियमामागे एक मिथक आहे. देवयुगाच्या अखेरीस अनागोंदीने जग गिळायला घेतले, सूर्यदेव येल्म मृत्युलोकात गेला होता, आणि त्याला मारणारा ऑर्लान्थ आपल्या सोबत्यांसह त्यालाच परत आणायला निघाला. त्या प्रवासाच्या शेवटी देवांनी आपसांत महातह केला, त्यातून काळ जन्माला आला, आणि काळाच्या आत स्वतःच्या मर्जीने हस्तक्षेप करायचा नाही, या अटीने देव बांधले गेले. तेव्हापासून देव जे काही करतात ते उपासकांच्या हातून. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या तहात आहे.

पहिली भूमिका : तीन जगे

'हीरो वॉर्स' आणि २००३ च्या 'हीरोक्वेस्ट'ने घेतलेली भूमिका सर्वांत रेखीव होती. तीन वाटा वेगळ्या, कारण त्या तीन वेगळ्या परलोकांकडे जातात. देवलोकाशी नाते यज्ञाचे आणि अनुकरणाचे, आत्मलोकाशी देवाणघेवाणीचे, तत्त्वलोकाशी ज्ञानाचे. एका लोकातल्या शक्तीची दुसऱ्या लोकाच्या पद्धतीने आराधना केली तर ती तोट्याची ठरते. या भूमिकेचा मोठा गुण म्हणजे तिने प्रत्येक परंपरेला तिचा मान दिला. शामान म्हणजे अर्धवट पुरोहित नव्हे आणि मंत्रविद्येचा उपासक म्हणजे निव्वळ नास्तिक नव्हे, हे तिने नियमांतच पक्के केले. अडचण आली ती सरमिसळीची. प्रॅक्सच्या माळरानावरचे भटके लोक आत्म्यांनाही मानतात आणि देवांनाही. पूर्वजांची पूजा नेमकी कुठल्या खान्यात घालायची, याचेही सोपे उत्तर नव्हते. प्रत्येक शक्तीला एकाच लोकाचे नागरिकत्व देताना ओढाताण होऊ लागली आणि नंतरच्या पुस्तकांत ही काटेकोर विभागणी मागे पडली.

दुसरी भूमिका : परलोक एक, वाटा अनेक

आज प्रकाशित पुस्तकांतून साधारणपणे दिसते ती दुसरी भूमिका. परलोक एकच आहे आणि जो ज्या नात्याने तिथे जातो त्याला तो तसा दिसतो. २०१८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये पात्राच्या अंगी असलेल्या रूनांना टक्केवारी असते आणि रून-मंत्र यशस्वी होतो तो त्या टक्केवारीच्या बळावर. ऑर्लान्थचा भक्त जितका वाऱ्यासारखा, म्हणजे जितका अनावर आणि स्वाभिमानी, तितकी त्याची जादू खात्रीची. देवाची कृपा आणि माणसाचा स्वभाव यांतली भिंत इथे पातळ होते. जुन्या नियमांत साध्या दीक्षिताला रून-मंत्र एकदाच वापरता येई, पुन्हा पुन्हा वापरण्याचा हक्क वरच्या पायरीवरच्या पुरोहितांचा असे. आता सामान्य दीक्षितही सणाच्या दिवशी उपासना करून खर्चलेले गुण परत मिळवतो. या भूमिकेवर आक्षेप असा की ती फार समजूतदार आहे. सगळ्याच वाटा खऱ्या असतील तर एकमेकांना खोटे ठरवून रक्त सांडणारे ग्लोरान्थातले लोक नेमके कशासाठी भांडतात, हे तिला सांगावे लागते.

तिसरी भूमिका : एकच सूत्र

तिसरी भूमिका ग्लोरान्थाच्या इतिहासातच एका समूहाने घेतली आहे. मध्यसागरी साम्राज्यातल्या 'गॉड लर्नर' पंडितांनी सर्व संस्कृतींच्या कथा ताडून पाहिल्या आणि त्यांच्या मुळाशी एकच कथा आहे, देवांची नावे म्हणजे त्याच त्या भूमिकांचे वेगवेगळे मुखवटे आहेत, असा निष्कर्ष काढला. त्यावर त्यांनी प्रयोगही केले. सर्वांत कुप्रसिद्ध प्रयोग दोन प्रदेशांतल्या धान्यदेवींच्या अदलाबदलीचा. धान्यदेवी म्हणजे धान्यदेवीच, कुठेही बसवली तरी पीक येणार, हे त्यांना सिद्ध करायचे होते. शेवटी पिके बुडाली आणि लोक उपाशी पडले. दुसऱ्या युगाच्या अखेरीस हे साम्राज्यही बुडाले. गंमत अशी की कॅम्बेल यांच्या वाचनातून जन्मलेल्या या जगात 'सर्व कथा एकच' म्हणणाऱ्यांच्या वाट्याला असा शेवट आला. तरीही ही भूमिका निकालात काढता येत नाही, कारण गॉड लर्नरांची जादू प्रत्यक्षात चालत होती आणि त्यांनी जुळवलेल्या कथांचा आराखडा आजही वाचकाला या जगाच्या मिथकांत वाट दाखवतो. ते सपशेल चुकले होते, की बरोबर असूनही त्यांनी ते ज्ञान वापरले तो प्रकार चुकीचा होता, यावर अभ्यासू खेळाडूंत आजही दोन तट आहेत.

कसोटी : देव-राजे

या तिन्ही भूमिकांची खरी परीक्षा सिंहासनावर होते. देव काळाच्या आत मर्जीने वागू शकत नाहीत, हा तह; आणि देव-राजा म्हणजे काळाच्या आत बसून हुकूम सोडणारा देव. त्यामुळे प्रत्येक देव-राजाला या तहातून काहीतरी वाट काढावी लागते, आणि तो ती कशी काढतो यावरून दैवी शक्ती या जगात कशी चालते ते कळते.

सर्वांत जुना नमुना दारा हप्पाच्या सम्राटाचा. तो पृथ्वीवरचा येल्म मानला जातो, पण निव्वळ जन्माने नव्हे. त्याला दहा कसोट्या पार कराव्या लागतात. इथे देवत्व माणसात नसून पदात आहे आणि माणूस त्या पदाच्या मापाचा निघावा लागतो. दुसरा नमुना लाल सम्राटाचा. सात मातांनी केलेल्या विधीतून ग्लोरान्थाच्या कालगणनेनुसार सुमारे १२२० साली लाल देवी अवतरली, १२४७ मध्ये कॅसल ब्लूच्या लढाईनंतर ती लाल चंद्र होऊन आकाशात गेली, आणि तिचा पुत्र लाल साम्राज्य चालवतो. तो मारला गेला तरी नव्या मुखवट्यात परत येतो. इतिहासकार त्याच्या कारकिर्दी मुखवट्यांनुसार मोजतात. विशेष म्हणजे या सम्राटाने दारा हप्पाचे जुने सिंहासनही घेतले. देवीचा पुत्र असणे एकटे पुरले नाही, जुन्या पदाची मान्यताही लागली.

तिसरा नमुना पवित्र देशाच्या फेरोचा, आणि तो सर्वांत बोलका आहे. बेलिन्तार नावाचा परका समुद्रातून पोहत किनाऱ्याला लागला आणि १३१८ मध्ये तिथल्या जुन्या सत्ताधीशाला हरवून राजा झाला. त्याने सहा वेगवेगळ्या प्रदेशांची मोट बांधली. त्यांचे देव वेगळे, लोक वेगळे, काही भागांतली वस्ती तर माणसांचीही नव्हती. त्याचे शरीर थकले की 'दैव आणि मृत्यूच्या स्वामींची' स्पर्धा भरवली जाई आणि जिंकणाऱ्याचे शरीर फेरोचे नवे शरीर होई. अर्न्स्ट कांटोरोविच यांनी १९५७ मध्ये युरोपातल्या मध्ययुगीन राजांबद्दल दोन देहांची कल्पना मांडली : एक मरणारा, एक न मरणारा. बेलिन्तारने ती शब्दशः अमलात आणली. पण हे चालले ते सहाही प्रदेशांतले वीर स्पर्धेत उतरत होते म्हणून. १६१६ मध्ये फेरो नाहीसा झाला, त्याच्या जागी नवा उभा राहिला नाही, आणि बांधलेली मोट सुटली. चौथा नमुना म्हणून पूर्वेकडच्या क्रालोरेलाचा ड्रॅगन सम्राट सांगता येईल. त्याची सत्ता यज्ञावर किंवा सौद्यावर नव्हे, तर वैराग्याच्या साधनेवर उभी आहे. म्हणजे तो वर सांगितलेल्या तीन वाटांपैकी एकीतही बसत नाही.

या नमुन्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. देवत्व ही कुणाच्या अंगात साठवलेली वस्तू नसून ते विधीने, मान्यतेने आणि समाजाच्या सहभागाने टिकवून धरलेले नाते आहे. १९९१ च्या 'डार्क सन' या दुसऱ्या कल्पितजगातले मांत्रिक-राजे आपल्या सेवकांना देवासारखे मंत्र देतात, पण तिथे राजाचे बळ त्याच्या स्वतःच्या विद्येत आहे. प्रजा मानो वा न मानो. ग्लोरान्थात मान्यता गेली की राजाचे देवत्वही डळमळते. हेच सूत्र खाली उतरवले तर साध्या दीक्षिताच्या जादूलाही लागू पडते : अर्पण केलेले आत्मबळ, सणाच्या दिवशी भरून येणारे गुण, संप्रदायाने घातलेली बंधने. तीन वाटांमधला फरक मग परलोकांचा राहत नाही, तर नात्याच्या प्रकाराचा होतो. धान्यदेवींची अदलाबदलही याच कारणाने फसली, असे म्हणता येते. दोन देवींचे गुण सारखे असतील, पण त्यांची त्या त्या जमिनीशी आणि तिथल्या लोकांशी असलेली नाती सारखी नव्हती.

आक्षेप

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला मंत्रविद्येचा : माल्कियोनी पंडिताला ना देव लागतो ना समाज, मग त्याचे नाते कुणाशी? याचे उत्तर ब्रिथिनी लोकांत सापडते. हे देव न मानणारे लोक म्हातारे होत नाहीत, पण आपल्या वर्णाचे नियम अक्षरशः पाळतात तोवरच. नियम मोडला की वय लागते. म्हणजे सर्वांत कोरडी, बुद्धिवादी वाटही समाजव्यवस्थेशी बांधलेली आहे. फक्त देवाच्या जागी कायदा आहे. दुसरा आक्षेप असा की हे सारे खेळाचे नियम आहेत, त्यांतून तत्त्वज्ञान काढणे म्हणजे खेळ सोपा जावा म्हणून केलेल्या सोयीला सिद्धान्ताचा मान देणे. यात तथ्य आहे. पण नियम वारंवार बदलूनही संप्रदायाची बंधने आणि मिथकाचे अनुकरण या गोष्टी टिकून राहिल्या. जे प्रत्येक आवृत्तीत टिकते त्याला केवळ सोय म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र भारी आहे. ग्लोरान्थात आपला संप्रदाय सोडणाऱ्यावर किंवा त्याचे नियम मोडणाऱ्यावर देवाचे शासक आत्मे तुटून पडतात. पण ज्याला 'इल्युमिनेशन' झाले, नायसालोर या देवाच्या कोड्यांतून ज्याचे डोळे उघडले, त्याला हे आत्मे हात लावू शकत नाहीत. तो बंधने मोडतो आणि जादू राखतो. मग शासन करणारा देव होता, की उपासकाच्या स्वतःच्या मनातली भीती? दुसरे असेल तर नात्याचे सूत्र निम्मे कोलमडते, कारण नात्याची दुसरी बाजू उपासकाने मनात रचलेली ठरते. माझे उत्तर अर्धेच आहे. या बोधाला ग्लोरान्थात मुक्ती आणि महाघात या दोन्ही नावांनी ओळखले जाते, नायसालोरलाच त्याचे शत्रू ग्बाजी हा फसवा देव म्हणतात, आणि बोध झालेले लोक सहसा समाजाला एकत्र ठेवू शकत नाहीत. नाते तोडूनही शक्ती उरते, पण ती वारशाने पुढे जाईल अशी व्यवस्था उरत नाही. लाल साम्राज्य मात्र या विधानाला मोठा अपवाद आहे, कारण तिथे बोध ही धर्माच्या आत मान्य असलेली गोष्ट आहे आणि तरीही साम्राज्य टिकले आहे.

अनिर्णित राहिलेले

यामुळे आजच्या घडीला तीन प्रश्न उघडे आहेत. पहिला, लाल देवीने महातह मोडला की नाही? ती काळाच्या आत जन्मून देवी झाली. तिचे अनुयायी म्हणतात की ती जुनीच देवी, तुकड्यांतून पुन्हा जुळलेली, आणि कॅसल ब्लूला तिचा हक्क सिद्ध झाला. ऑर्लान्थचे लोक म्हणतात की ती अनागोंदीशी हातमिळवणी करून आली. ग्रंथांत दोन्ही बाजूंना पुरावा आहे. दुसरा, मिथकात शिरून ते नव्याने जगण्याच्या विधीचा, म्हणजे हीरोक्वेस्टचा. राजे आणि वीर देवत्वाला हात घालतात ते याच विधीतून. पण त्याचे 'रूनक्वेस्ट'साठीचे पक्के नियम देण्याचे आश्वासन सुरुवातीपासून दिले गेले आणि ते दशकानुदशके लांबत राहिले. मिथक जसेच्या तसे जगायचे की ते बदलताही येते, आणि बदलले तर मूळ देव बदलतो का, याचे उत्तर त्या नियमांच्या तपशिलावर ठरेल. तिसरा, साधनांच्या विश्वासार्हतेचा. १९९२ चे 'किंग ऑफ सारतार' हे पुस्तक एकमेकांशी न जुळणाऱ्या जुन्या कागदपत्रांचे संकलन म्हणून लिहिले आहे. त्यात आर्ग्राथ या नायकाची एकच खरी हकीकत मिळत नाही, आणि ती मिळू नये अशीच त्याची रचना आहे.

यांतला तिसरा प्रश्न सुटण्यासारखा नाही आणि त्याने फारसे अडतही नाही. पहिले दोन मात्र एकमेकांत गुंतले आहेत. हीरोक्वेस्टने देव बदलू शकतो असे ठरले, तर लाल देवीचा दावा मान्य करावा लागेल, गॉड लर्नरांच्या चुकीचे स्वरूप नव्याने तपासावे लागेल, आणि नात्याच्या सूत्रात देवाची बाजूही माणसांकडून घडवली जाते, हे स्वीकारावे लागेल. तसे ठरले नाही, तर दैवी राजे हे तहातल्या फटींचे कुशल भाडेकरू ठरतील, मालक नव्हेत. उपलब्ध पुरावा आज दुसऱ्या बाजूला थोडा झुकतो : मुखवटे, कसोट्या, उसने शरीर, हे सारे आधीच असलेल्या जागा भरण्याचे प्रकार आहेत. लाल चंद्र तेवढा आधी नसलेल्या जागी लटकतो आहे, आणि ज्याला हा वाद पुढे न्यायचा आहे त्याने मंत्रांच्या यादीआधी त्या चंद्राचा हिशेब मांडावा.